निरगाठ

आमच्या घरात जनावरं पुढं राहायची आणि माणसं मागं. दारातून आत आलं की आधी बैलजोडी, दोन गाई आणि एक म्हैस यांच्या तोंडावरून यावं लागे. मग कमरेएवढी कुडाची भिंत, आणि तिच्यापलीकडं आमची चूल. राजगडाच्या पायथ्याच्या त्या खोऱ्यात सगळीच घरं तशी होती. पहाटे जाग यायची ती रवंथाच्या आवाजानं. पाठोपाठ जात्याची घरघर सुरू व्हायची, आणि मग आई चुलीत फुंकर घालायची. घराला धुराडं नव्हतं. चुलीचा धूर भिंतीवरून गोठ्यात जायचा, गोमाशा पळवायचा आणि कौलांच्या फटींतून सवडीनं बाहेर पडायचा. आमच्या कपड्यांना, केसांना, भाताला, सगळ्याला तो वास असे. लग्न होऊन मी भोरला आले तेव्हा सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पोरीला न्हाऊ घाला, धुराचा वास येतोय." मला राग आला होता. धूर म्हणजे घरात कुणी तरी आहे आणि काही तरी शिजतंय, एवढाच अर्थ मला लहानपणापासून माहीत होता. ठकू आमच्याकडं राहायला येईपर्यंत.

ते दिवस लढाईचे होते. लढाई कुठं चालली होती हे आमच्यातल्या कुणाला धड सांगता आलं नसतं, पण रॉकेल मिळत नव्हतं आणि काड्यापेटी म्हणजे चैन झाली होती. सकाळी एका घरची चूल पेटली की बाकीच्या बायका खापरीत विस्तव मागून न्यायच्या. विस्तव न्यायला आलेली बाई घडीभर टेकायची, घरची खबर द्यायची आणि घ्यायची. कुणाकडं विस्तव मागायला गेली नाही म्हणजे तिच्याशी भांडण, आणि दोन-तीन दिवस कुणाकडंच गेली नाही म्हणजे त्या घरात काही तरी बिनसलंय, हे गावाला न सांगता कळे.

वणवा आम्हाला नवा नव्हता. होळी झाली की डोंगरावर कुठं ना कुठं धूर दिसायचाच. जुनं गवत जळालं की नवं कोवळं फुटतं म्हणून गुराखी ते मुद्दाम पेटवत, कुणी मधाच्या पोळ्याला धूर द्यायला जाई आणि पेटती चूड तशीच टाकून येई. आम्ही मान वर करून बघायचो आणि कामाला लागायचो. त्या दिवशीही आई अंगणात नाचणी पाखडत होती. वारा इतका होता की तिला सारखं सूप फिरवावं लागत होतं. डोंगराच्या सोंडेवर पिवळट धूर उठला. आई म्हणाली, "आज लौकर लागला." आणि पाखडत राहिली. ती हे पुढं कितीदा तरी बोलून दाखवायची, की मी म्हटलं लवकर लागला आणि पाखडत राहिले. मी तिला सांगायची, तू काय करणार होतीस?

सोंडेच्या मधल्या सपाटीवर धनगरांची पाच-सहा घरं होती. गवतानं शाकारलेली घरं, भोवती कारवीचे कूड आणि चहूकडं कमरेएवढं वाळलेलं गवत. त्यातलं धोंडिबाचं घर आमच्या घरोब्याचं. ते तूप घेऊन खाली यायचे, आबा म्हणजे माझे वडील त्यांना भात द्यायचे, आणि दिवाळीला धोंडिबाची सून ठकू आमच्याकडं एक रात्र राहून जायची. उंच, काळीसावळी, हसताना तोंडावर पदर घ्यायची. तिचा नवरा बाबू फार बोलायचा नाही, पण जनावरांशी तासन् तास बोलायचा.

दिवस कलला तेव्हा डोंगरावरून पहिल्यांदा जनावरंच खाली आली. कुणाच्या पाठीचे केस जळालेले, कुणाची कास भाजलेली. त्यांच्या गळ्यात दावी नव्हती. आबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "कुनी तरी सोडल्याती. मानसं कुठं हायेत?" मग गावातले पुरुष ओल्या टहाळ्या घेऊन वर धावले. त्यांनी अंधार पडेपर्यंत माणसं खाली आणली. धोंडिबाला घोंगड्याच्या झोळीत घालून आणलं, त्याचे तळपाय सोलून निघाले होते. ठकू चालत आली. कडेवर पाच वर्षांची सगुणा, तिचे पुढचे केस उडत्या ठिणग्यांनी जळालेले. ठकूला काहीही झालं नव्हतं, अंगावर एक फोडसुद्धा नव्हता. लाकडं आणायला ती पोरीला घेऊन पलीकडच्या ओढ्यात गेली होती. बाबू दुसऱ्या दिवशी सापडला, गोठ्यात. घरची सगळी जनावरं त्यानं सोडली होती, फक्त खैरी नावाची एक कालवड राहिली होती आणि तो तिच्या शेजारी होता.

गावानं हात आखडता घेतला नाही, हे मला सांगितलं पाहिजे. घराघरातून भाकरी आल्या, हुलग्याचं माडगं आलं, जुनी लुगडी आली. आईनं चुन्याची निवळी आणि खोबरेल फेटून त्याचं लोण्यासारखं मलम केलं आणि म्हाताऱ्याच्या पायांना लावत बसली. जनावरांच्या कासांना करंजाचं तेल. धनगरवाड्यावरची बाकीची माणसं हळूहळू आपापल्या सोयऱ्यांकडं पांगली. धोंडिबाला चालता येत नव्हतं आणि ठकूचं माहेर घाटाखाली, लांब. म्हणून ती तिघं आमच्याकडं राहिली, गोठ्याच्या कडेला पेंढा पसरून.

पहिल्याच सकाळी आईनं चूल पेटवली आणि कुडाच्या भिंतीवरून धूर गोठ्यात गेला. ठकू झोपेतून उठली आणि आमच्या जनावरांची दावी सोडायला लागली. बैल सुटले, गाई सुटल्या, म्हैस सुटली. तिनं त्यांना थोपटून, ढकलून बाहेर काढलं आणि अंगणात येऊन उभी राहिली. आईनं तिला आत आणलं. आम्ही समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या चंद्राकाकूंच्या गोठ्यात धूर शिरला, तर ठकूनं त्यांचीही जनावरं सोडली. ती चुलीजवळ यायची नाही, भाकरी द्याल तेव्हा खायची, नाही दिली तर मागायची नाही. धूर दिसला की मात्र तिला कुणी धरू शकायचं नाही. काकूंची म्हैस कुणाच्या तरी पेंढ्याच्या उडवीत तोंड घालून उभी सापडली. आमचा बैल नदीपलीकडं गेला आणि माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, सगळा दिवस त्याला शोधण्यात गेला. घरी येऊन त्यानं ताट सरकवलं. "आई, हे किती दिस चालायचं?" आई म्हणाली, "तुला भाकरी वाढू का नको?" एवढंच.

दुःख बघायला येणारी माणसं आठवडाभर येतात. त्यानंतर दुःख घरातलंच होतं, आणि घरातल्या माणसांनाच त्याची सवय करून घ्यावी लागते. भाकऱ्या यायच्या थांबल्या. मला वाटतं माणसं वाईट नव्हती, दमली होती. आईसुद्धा दमली होती. दोन घरची भाकरी थापायची, म्हाताऱ्याचे पाय धुवायचे, सगुणाच्या डोक्यावरची खपली काढायची आणि वर गावाची बोलणी ऐकायची. संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसली की तिला उठवत नसे. मी पाणी भरायची, दळायची, आणि मनातल्या मनात ठकूवर चिडायची. आपल्याला दया यावी असं माणूस समोर असतं आणि आपल्याला नुसता कंटाळा आलेला असतो, याची लाज मला त्या वयातही वाटायची. आज टीव्हीवर कुठं पूर, कुठं आग दाखवतात, लोक ब्लँकेटं वाटतात. माझी नात डोळे पुसते. मी तिला म्हणते, ब्लँकेटं वाटणं सोपं आहे गं, पुढच्या महिन्यात कोण येतंय ते बघ.

खरी अडचण वैशाखात आली. आमच्याकडं भाताचं रोप टाकायचं तर आधी जमीन भाजावी लागे. खाचराच्या कोपऱ्यात शेण, त्यावर टहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग पळत नाही, सावकाश पुढं सरकते. याला राब भाजणं म्हणतात. राब न भाजता बी फेकलं तर रोपापेक्षा तण जास्त उगवतं, आणि मग वर्षभर भाताची पेज तरी मिळेल का याचा भरवसा नाही. राब रचून तयार होते. पण राब भाजायचा म्हणजे सगळं खोरं धुरानं भरणार, आणि ठकू गावात. लोकांनी आबांच्या भिडेखातर थांबायचं ठरवलं, एक आठवडा, मग अजून थोडं. आभाळात ढग दिसायला लागले तसे पाटील आमच्या ओट्यावर येऊन बसले. आबांपेक्षा वयानं मोठे, सरळ माणूस. पानाला चुना लावता लावता म्हणाले, "लोकं माज्याकडं येत्याती रं. राब भिजलं तर गावानं खायाचं काय? बाईला घाटाखाली तिच्या भावाकडं पोचवा. गाडी म्या देतो."

आबा म्हणाले, "म्हाताऱ्याचं काय? तो वर जायाचं म्हनतोय. त्याला पावसाच्या आत घर उभं करायचंय."

"सुनेनं चूल पेटवली न्हाई तर कुनासाठी घर उभं करतोय तो?"

आत धोंडिबा हे सगळं ऐकत होता. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. त्याचा मुलगा गेला होता आणि आता सून आणि नात घाटाखाली गेली की वरच्या राखेत तो एकटा. त्या घरात कुणाचं काय पणाला लागलं होतं ते मला तेव्हा त्याच्या पाठीकडं बघून कळलं.

आईनं पाटलांकडून दोन दिवस मागून घेतले. त्या दिवशी ती ठकूला घेऊन नदीवर धुणं धुवायला गेली, मलाही नेलं. धुणं झालं तरी उठेना. मग सरळ विचारलं, "ठके, आता धूर आला की जनावरं सोडतीस. त्यानं काय व्हतं?"

ठकू बराच वेळ पिळलेलं लुगडंच पिळत राहिली. मग म्हणाली, "वैनी, त्यांनी समदी सोडली. खैरी न्हाई सुटली."

"ठावं हाय मला."

"खैरी तोंडानं दावं सोडायची. सुरगाठ मारली की सोडायची आन् लोकांच्या नाचनीत शिरायची. रोज बोलनी खायची म्या. म्हनून त्या सकाळी दावं भिजवलं आन् निरगाठ मारली. पाय लावून वढली. त्यांना सांगितलं बी न्हाई." तिचा आवाज जराही हलला नाही. "कोयता वळचनीला व्हता. वळचन पयलीच पेटली आसंल. त्यांनी हातानं सोडायला बघितलं आसंल, वैनी. भिजवून वढलेली निरगाठ."

सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी. निरगाठ सुटत नाही, ती कापावी लागते. गावाकडची लहान पोरंही हे जाणतात. आईनं धुणं डोक्यावर घेतलं आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी घेऊन आले तर गोठ्यातून खोकण्याचा आवाज. ठकू सगुणाला घेऊन ओढ्यावर गेली होती, म्हातारा ओट्यावर झोपला होता. आत आईनं आमची तांबडी गाय दावणीला बांधली होती. समोर पेटती गोवरी, तिचा धूर गोठाभर. आईनं डोळ्यांवर पदर गच्च बांधला होता आणि ती दोन्ही हातांनी गाठीशी झटत होती. दावं ओलं होतं. गाय धुरानं हिसके देत होती आणि प्रत्येक हिसक्यासरशी गाठ आणखी आवळत होती. मी हाक मारली. आईनं ऐकलं नाही. ती कुजबुजत होती, "सूट गं, सूट." शेवटी तिनं पदर ओढून काढला. डोळे लाल, नाकातोंडातून पाणी, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख मुळापासून उलटलेलं.

"इळा आन," ती म्हणाली.

मी विळ्यानं दावं कापलं. आईनं गोवरी विझवली, बोटाला हळद भरून चिंधी गुंडाळली आणि मला म्हणाली, "कुनाला बोलायचं न्हाई."

मला वाटलं, आता आई ठकूला सांगणार की तुझंच चुकलं. मी भ्यायले होते.

राब भाजायचा दिवस उजाडला. आई पहाटे ठकूजवळ गेली. म्हणाली, "आज गाव राब भाजनार. तुज्यापासून लपवून न्हाई भाजायचं. ऊठ, आदी समदी जनावरं सोडू." आणि तिचा हात धरून ती घरोघर निघाली. पाटलांचं घर, चंद्राकाकूंचं घर, खालची आळी, वरची आळी. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी हसलं नाही. ठकू प्रत्येक गोठ्यात शिरायची, दावं सोडायची, जनावराच्या मानेवरून हात फिरवायची. चंद्राकाकूंनी कोपऱ्यातलं दोन दिवसांचं वासरू दाखवलं, "हे ऱ्हायलं बाई, ह्येबी सोड." ज्यांनी तिला सर्वांत जास्त बोल लावले होते त्याच या काकू. मी आणि दादानं सगळी गुरं हाकत नदीला नेली. गावात बांधलेलं एकही जनावर उरलं नाही. मग पाटलांनी राबाला आग दिली.

नदीच्या काठाला आई, ठकू, सगुणा आणि मी बसलो होतो. समोर गावाची सगळी गुरं पाण्यात. खाचरांतून धूर उठायला लागला, एकेका कोपऱ्यातून, आणि बघता बघता गाव दिसेनासं झालं. ठकूनं डोळे मिटले. दातांवर दात वाजत होते. ती सारखं विचारत होती, "समदी सुटली ना? कुनी बांधलेलं न्हाई ना?" आणि आई प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे म्हणत होती, "न्हाई. समदी हितं हायेत. बघ." ती डोळे उघडायची, बघायची, परत मिटायची. असं किती वेळ चाललं कोण जाणे. धूर विरळ व्हायला लागला तेव्हा आई म्हणाली,

"ठके, म्या सोडून बघितली."

"काय?"

"निरगाठ. दावं भिजवून, वढून बांधली. डोळं बांधलं, धूर केला. सुटली. जरा वेळ लागला, पर सुटली. बाबू धुरानं गेला. तुज्या गाठीनं न्हाई."

मी आईकडं पाहिलं नाही. नदीकडं बघत राहिले. माझ्या आईनं आयुष्यात ताकात पाणी घातल्याचंही लपवलं नव्हतं.

ठकूची नजर आईच्या हातावर गेली. "बोटाला काय झालं, वैनी?"

"इळा लागला."

"व्हय का," ठकू म्हणाली. आणि ती रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. आमच्या तांबड्या गाईनं पाण्यातून मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा प्यायला लागली.

संध्याकाळी गुरं परत आणून बांधली. आई चुलीशी बसली होती, मी पीठ मळत होते. कुडाच्या भिंतीपलीकडून ठकू आली, दोन पावलं मागं सरली, परत आली. हातात फुटक्या मडक्याची खापरी. "वैनी," ती म्हणाली, "इस्तव द्या." आईनं चिमट्यानं दोन निखारे खापरीत ठेवले, वर राख घातली. ठकूनं अंगणात तीन दगड मांडले आणि सगुणासाठी आणि म्हाताऱ्यासाठी भाकरी केली. करपली होती. धोंडिबानं सगळी खाल्ली. मृगाच्या आधी ती तिघं वर गेली, गावातले लोक कूड आणि गवत घेऊन बरोबर गेले, आणि बरीच वर्षं दिवाळीला तूप खाली येत राहिलं.

आईचं ते नख पुढं नीट आलंच नाही. वेडंवाकडं, जाड, कधी तरी पिठात अडकायचं. मी लग्न होऊन भोरला आले, नवऱ्यानं अक्षरं शिकवली, पोरंबाळं झाली. आई गेली त्या दिवशी मी पोचले तेव्हा बायका तिला न्हाऊ घालत होत्या. ठकू वरून आली होती, आता तीही म्हातारी. आईचा उजवा हात तिनं मांडीवर घेतला होता आणि ते एक बोट ती पुन्हा पुन्हा धूत होती. आईच्या धाकट्या जावेच्या सुनेनं विचारलं, "आत्याबाईंचं नख असं कशानं झालं हो? म्हणायच्या इळा लागला."

"इळा न्हाई," ठकू मान वर न करता म्हणाली. "माजी गाठ सोडताना मोडलं ते."